व्हाइट मॅटर मोजायचंय? आधी सीमा बघा

एमआरआयवरून मेंदूतल्या व्हाइट मॅटरचं आकारमान काढायचं, तर आज फारसं काही अडत नाही. सॉफ्टवेअर फुकट मिळतं, एक आज्ञा टाइप करून संगणक रात्रभर चालू ठेवायचा, आणि सकाळी फाइलमध्ये दशांशचिन्हासकट आकडा तयार असतो. रेडिऑलॉजीच्या एमडीचे प्रबंध, न्यूरोसायन्सचे प्रकल्प, बायोमेडिकल इंजिनिअरिंगची शेवटच्या वर्षाची कामं, सगळीकडे हे आकडे दिसू लागले आहेत. अशा कामाला नव्याने हात घालणाऱ्यांसाठी हा लेख आहे. त्यात मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे: सॉफ्टवेअरने व्हाइट मॅटरची सीमा कुठे आखली, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्याचा आकडा तक्त्यात भरू नका.

सीमेचा एवढा आग्रह का, हे एका हिशेबावरून कळेल. प्रौढ माणसाच्या मोठ्या मेंदूतलं व्हाइट मॅटर ढोबळमानाने ४०० ते ५०० मिलिलिटर असतं. त्याला वरून ग्रे मॅटरचा पातळ थर वेढून असतो आणि या दोहोंमधली सीमा मेंदूच्या प्रत्येक घडीबरोबर आत-बाहेर जाते. ही सगळी घड्यांची सीमा उलगडून पसरली, तर दोन्ही गोलार्ध मिळून तिचं क्षेत्रफळ साधारण १,७०० चौरस सेंटिमीटर भरतं. आता समजा, सॉफ्टवेअरने ही सीमा सगळीकडे फक्त ०.१ मिलिमीटर बाहेर सरकवली. चांगल्या स्कॅनमधला एक ठोकळा, म्हणजे व्हॉक्सेल, १ मिलिमीटरचा असतो. त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढीच ही चूक. तेवढ्यानेही आकारमान १७ मिलिलिटरने वाढतं. ४५० मिलिलिटरच्या मानाने हा फरक जवळजवळ ४ टक्के झाला. निरोगी वृद्ध माणसाचा संपूर्ण मेंदू वर्षाला अर्धा टक्का किंवा त्याहून कमीच आक्रसतो. मल्टिपल स्क्लेरॉसिसवर उपचार चालू नसलेल्या रुग्णांत हा वेग वर्षाला ०.५ ते १.३५ टक्के सांगितला जातो. डोळ्यांना न दिसणारी सीमेची एक सरक कित्येक वर्षांच्या झिजेएवढी असू शकते, हे मनात पक्कं बसलं की पुढच्या सगळ्या खबरदाऱ्या आपोआप पटतात.

सॉफ्टवेअरला नेमकं काय दिसतं

टी-वन प्रकारच्या चित्रात व्हाइट मॅटर उजळ, ग्रे मॅटर त्याहून गडद आणि मेंदूभोवतीचं पाणी काळं दिसतं. चेतातंतूंभोवती मायलिनचं स्निग्ध वेष्टन असतं, त्यामुळे तिथल्या पाण्याचा संकेत लवकर पूर्ववत होतो, म्हणून हा उजळपणा. सॉफ्टवेअर प्रत्येक व्हॉक्सेलचा उजळपणा वाचतं, शेजारच्या व्हॉक्सेलांशी ताडून बघतं, मेंदूत त्या जागी सहसा काय असतं याचा नकाशा हाताशी घेतं आणि त्या ठोकळ्याला नाव देतं. त्याला तंतू दिसत नाहीत, मायलिनही दिसत नाही. दिसतो तो फक्त करड्या रंगाचा एक आकडा.

खरी पंचाईत सीमेवरच्या व्हॉक्सेलांची होते. त्यात थोडं व्हाइट आणि थोडं ग्रे असतं. दोन शेतांमधला बांध कोणत्या गटात धरायचा यावरून दोन्ही शेतांचं क्षेत्रफळ बदलतं, तसंच इथे घडतं. फक्त मेंदूत बांधच इतके आहेत की त्यांची बेरीज शेताच्या मापाला आव्हान देते. म्हणून अशा व्हॉक्सेलला 'हो' किंवा 'नाही' असं ठाम नाव देण्यापेक्षा त्यात व्हाइट मॅटरचा वाटा किती, हे शून्य ते एकमधल्या अपूर्णांकात नोंदवणारी पद्धत अधिक विश्वासाची. ऑक्सफर्डच्या एफएसएल या संचातलं 'फास्ट' हे साधन असंच करतं. त्याच्याकडून टी-वन चित्रासाठी वाट्यांच्या तीन फाइली मिळतात. शून्य क्रमांकाची पाण्याची, एक क्रमांकाची ग्रे मॅटरची, दोन क्रमांकाची व्हाइट मॅटरची. आकारमान काढताना शून्याहून मोठे सगळे व्हॉक्सेल मोजून थांबू नका. त्यांच्या सरासरी वाट्याने त्या आकारमानाला गुणा. हा गुणाकार राहून गेल्यामुळे फुगलेले आकडे नवख्यांच्या कामात हमखास सापडतात.

स्कॅन कसा हवा

या कामाला त्रिमितीय टी-वन स्कॅन लागतो, आणि व्हॉक्सेल तिन्ही दिशांनी साधारण १ मिलिमीटरचा हवा. सीमेन्सच्या यंत्रावर याला एमपीरेज म्हणतात, जीईच्या यंत्रावर ब्राव्हो आणि फिलिप्सच्या यंत्रावर थ्रीडी टीएफई. स्कॅनला पाच-सहा मिनिटं जास्तीची लागतात. आपल्याकडे रोजच्या तपासणीत बहुतेक वेळा ५ मिलिमीटर जाडीच्या चकत्या घेतात, त्यांच्यात फटीही सोडलेल्या असतात. गाठ आहे का, रक्तस्राव आहे का, हे पाहायला त्या पुरतात. पण ५ मिलिमीटरच्या चकतीत ग्रे मॅटरची अख्खी घडी व्हाइट मॅटरमध्ये मिसळून जाते. सरकारी रुग्णालयाच्या जुन्या संग्रहातले असे स्कॅन काढून त्यांवर प्रबंध उभारायचा मोह होतो, कारण ते फुकट आणि भरपूर असतात. नेहमीच्या सॉफ्टवेअरसाठी ते वापरू नका. सिंथसेग नावाचं नवं साधन जाड चकत्यांवर आणि टी-वन नसलेल्या चित्रांवरही चालेल असं शिकवून तयार केलेलं आहे. अशा संग्रहावरच काम करायचं असेल तर ते वापरून बघा. त्या चकत्यांवरून ते १ मिलिमीटरच्या व्हॉक्सेलांची वाटणी करून देतं, पण तिच्यातला बराचसा तपशील हा अंदाज असतो, प्रत्यक्ष मोजलेला नसतो, एवढं विसरू नका.

रुग्णाला कॉन्ट्रास्ट दिल्यानंतरचा स्कॅन आणि आधीचा स्कॅन एकाच अभ्यासात मिसळू नका. गॅडोलिनियममुळे रक्तवाहिन्या आणि मेंदूची आवरणं उजळतात आणि त्यांचा काही भाग व्हाइट मॅटर म्हणून मोजला जातो.

हालचालीचं दुखणं याहून मोठं आहे. स्कॅनच्या वेळी डोकं जरा हललं तरी सीमा पुसट होते, आणि डोकं हलल्यामुळे ग्रे मॅटरचा थर प्रत्यक्षापेक्षा पातळ मोजला जातो हे प्रयोगांतून दिसून आलेलं आहे. कंपवाताचा रुग्ण, घाबरलेलं मूल, कंबरदुखीने बेजार झालेले आजोबा हे निरोगी तरुण स्वयंसेवकापेक्षा जास्त हलणार. मग दोन गटांत जो फरक दिसतो तो आजाराचा की हालचालीचा, हे नंतर कुठल्याही संख्याशास्त्राला सांगता येत नाही. म्हणून पहिलं काम स्कॅनच्या टेबलापाशीच करा. रुग्णाला नीट समजावून सांगा, डोक्याच्या दोन्ही बाजूंना स्पंज लावा, आणि चित्र हललेलं दिसलं तर रुग्ण टेबलावरून उठायच्या आत तेवढाच भाग पुन्हा घ्या. तंत्रज्ञाशी तुमची ओळख आणि सलोखा असला तर हे होतं. नुसती विनंतीची चिठ्ठी पाठवून होत नाही.

शरीरातल्या पाण्याचाही परिणाम होतो. बराच वेळ पाणी न प्यायल्याने मेंदूचं आकारमान थोडं कमी मोजलं जातं. एकाच माणसाचे महिन्या-दोन महिन्यांच्या अंतराने स्कॅन घ्यायचे असतील, तर दोन्ही वेळा दिवसाची वेळ शक्यतो सारखी ठेवा आणि निर्जळी उपासाचा दिवस टाळा. हे विचारायला संकोच करू नका. आपल्याकडे तपासणीला उपाशीपोटीच जायचं असा अनेकांचा समज असतो, आणि पाणीही न घेता पहाटेपासून रांगेत बसलेली माणसं रोज दिसतात.

फाइली हातात पडल्या की त्यांतली नावं आधी काढून टाका. डायकॉम फाइलच्या मथळ्यात रुग्णाचं नाव, जन्मतारीख, रुग्णालयाचा क्रमांक असं सगळं असतं. डीसीएमटूएनआयआयएक्स हे साधन डायकॉमवरून निफ्टी फाइल करून देतं आणि यातलं बरंचसं गाळतं. पण एवढ्याने भागत नाही, कारण त्रिमितीय टी-वन चित्रात चेहरा असतो. २०१९ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात ८४ जणांच्या एमआरआयमधून उभे केलेले चेहरे त्यांच्या छायाचित्रांशी जुळवले गेले आणि चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने ७० जणांना बरोबर ओळखलं. डेटा संस्थेबाहेर जाणार असेल तर आधी चेहऱ्याचा भाग पुसून घ्या, आणि नैतिक समितीच्या मंजुरीत हे स्पष्ट लिहिलेलं असू द्या.

प्रत्येक सॉफ्टवेअरचं व्हाइट मॅटर वेगळं

'व्हाइट मॅटर ४६० मिलिलिटर' या वाक्याला तोवर काही अर्थ नाही, जोवर त्यात काय काय धरलं ते सांगितलेलं नाही. लहान मेंदूतलं व्हाइट मॅटर धरलं का? ब्रेनस्टेम? दोन गोलार्धांना जोडणारा कॉर्पस कॅलोसम? म्हातारपणी व्हाइट मॅटरमध्ये पडणारे डाग? या प्रश्नांना प्रत्येक सॉफ्टवेअर आपापलं उत्तर देतं आणि ते मुखपृष्ठावर लिहिलेलं नसतं.

फ्रीसर्फर हे बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या मार्टिनॉस केंद्रात ब्रूस फिश्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभं केलेलं सॉफ्टवेअर. त्याची 'रिकॉन-ऑल' ही एकच आज्ञा दिली की कवटी काढण्यापासून पृष्ठभागाची जाळी विणण्यापर्यंत सगळं होतं. साध्या संगणकावर एका मेंदूला कित्येक तास लागतात, म्हणून ते रात्री लावून ठेवायची रीत. ग्रे आणि व्हाइट यांच्यामधली सीमा ते त्रिकोणांच्या जाळीने आखतं आणि मोठ्या मेंदूच्या व्हाइट मॅटरचं आकारमान त्या जाळीच्या आतून काढतं. हा आकडा 'असेग'च्या आकडेवारीच्या फाइलमध्ये वरच्या ओळींत 'सेरेब्रल व्हाइट मॅटर' या नावाने असतो. लहान मेंदूचं व्हाइट मॅटर त्यात नसतं. ते खालच्या तक्त्यात डावं-उजवं वेगळं दिलेलं असतं. कॉर्पस कॅलोसमचे पाच तुकडे तक्त्यात वेगळे येतात. ब्रेनस्टेमला एकच नाव मिळतं, त्यातलं व्हाइट आणि ग्रे वेगळं केलेलं नसतं. 'डब्ल्यूएमपार्क' नावाच्या दुसऱ्या फाइलमध्ये सीमेपासून ५ मिलिमीटरपर्यंतचं व्हाइट मॅटर जवळच्या ग्रे मॅटरच्या भागांनुसार वाटून दिलेलं असतं आणि त्याहून आतलं 'अनसेगमेंटेड' म्हणून उरतं. ते नाव वाचून फाइल बिघडली असं समजू नका.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या एसपीएमची रीत वेगळी आहे. जॉन अ‍ॅशबर्नर आणि कार्ल फ्रिस्टन यांनी २००५ मध्ये मांडलेल्या पद्धतीत चित्राचा असमान उजेड सुधारणं, प्रमाण नकाशाशी जुळवणं आणि ऊती वेगळ्या करणं ही तिन्ही कामं एकत्रच चालतात. त्यातून 'सी-टू' नावाची व्हाइट मॅटरची फाइल मिळते, आणि लहान मेंदू व ब्रेनस्टेम यांतलं व्हाइट मॅटरही तीत येतं. फास्टचंही तसंच: आधी बेट या साधनाने कवटी काढून जे उरलं, त्या सगळ्याची ते वाटणी करतं. फ्रीसर्फरच्या मोठ्या मेंदूपुरत्या आकड्याशी फास्टचा अख्ख्या मेंदूचा आकडा ताडून बघणारे तक्ते विद्यार्थ्यांच्या कामांत आढळतात आणि दोहोंतला फरक मग सॉफ्टवेअरच्या माथी मारला जातो. खरं तर मोजायची गोष्टच वेगवेगळी होती.

एककांकडेही लक्ष द्या. फ्रीसर्फर घन मिलिमीटरमध्ये लिहितं, एसपीएमचं ऊतींच्या आकारमानाचं साधन लिटरमध्ये. १,००० घन मिलिमीटर म्हणजे १ मिलिलिटर.

एक सॉफ्टवेअर निवडलं की आवृत्ती बदलू नका. २०१२ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी तेच स्कॅन फ्रीसर्फरच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांतून काढले, तेव्हा आकारमानात सरासरी ८.८ टक्के फरक आढळला. संगणकाचा प्रकार आणि त्यावरची प्रणाली बदलूनही आकडे हलले. मध्येच नवी आवृत्ती आली आणि ती वापरायचीच असेल, तर सगळे स्कॅन तिच्यातून पुन्हा काढा. दोन-अडीच वर्षं चालणाऱ्या प्रबंधात हा प्रसंग येतोच. विभागातला संगणक दुसरं कुणी अद्ययावत करून ठेवतं आणि त्यानंतर आलेल्या रुग्णांचे आकडे वेगळेच दिसू लागतात.

चित्र उघडा

आता मूळ मुद्दा. प्रत्येक मेंदूचा निकाल मूळ चित्रावर रंगीत थर म्हणून ठेवून पाहा. फ्रीसर्फरसाठी फ्रीव्ह्यू, एफएसएलसाठी एफएसएल-आइज, आणि कशासाठीही आयटीके-स्नॅप ही साधनं आहेत. तिन्ही दिशांच्या चकत्या हळूहळू पुढे-मागे सरकवा. सरावाने एका मेंदूला दहा मिनिटं पुरतात. शंभर स्कॅन असतील तर शंभरही पाहायचे. नमुन्यादाखल पाच पाहून उरलेले ठीकच असतील असं मानण्याला काही आधार नसतो, कारण या चुका सगळीकडे सारख्या पडत नाहीत. ज्याचा मेंदू आजाराने सर्वाधिक बदललेला, त्याच्यात त्या सर्वाधिक पडतात.

कुठे बघायचं? सुरुवात टेम्पोरल भागाच्या पुढच्या टोकापासून करा. तिथे हवेच्या पोकळ्यांमुळे चित्र विस्कटलेलं असतं आणि व्हाइट मॅटरचा निमुळता धागा अनेकदा तुटलेला दिसतो. मग डोळ्यांच्या मागे या. कवटी नीट काढली गेली नसेल तर दृष्टीच्या नसा आणि तिथली चरबी व्हाइट मॅटरच्या रंगात रंगलेली सापडते, कारण टी-वन चित्रात चरबीही उजळच असते. मेंदूच्या मागच्या टोकाला, दृष्टीच्या भागात, ग्रे मॅटरमध्येच मायलिन जास्त असतं, त्यामुळे तिथली सीमा बाहेर ढकलली जाते. डोक्याच्या मधोमध, हालचालींचं नियंत्रण करणाऱ्या घडीतही तेच घडतं. आणि मग मेंदूच्या गाभ्यात जा. थॅलॅमस आणि ग्लोबस पॅलिडस हे खरं तर ग्रे मॅटरचे गोळे, पण त्यांतून जाणारं मायलिन आणि पॅलिडसमधलं लोह यांमुळे टी-वन चित्रात ते जवळजवळ व्हाइट मॅटरएवढेच उजळ दिसतात. केवळ उजळपणावर भिस्त ठेवणारं साधन त्यांचा मोठा तुकडा व्हाइट मॅटरला देऊन टाकतं. फास्ट वापरत असाल तर हा दोष जवळपास प्रत्येक मेंदूत दिसेल. गाभ्यातले हे भाग वेगळ्या साधनाने ओळखून वजा करणं हा त्यावरचा उपाय.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडांना. साठीनंतर, विशेषतः उच्च रक्तदाब आणि मधुमेह असलेल्यांत, या कडांशी व्हाइट मॅटरमध्ये डाग पडतात. फ्लेअर प्रकारच्या चित्रात ते पांढरेशुभ्र दिसतात, पण टी-वनमध्ये ते गडद होतात आणि सॉफ्टवेअर त्यांना ग्रे मॅटर समजतं. म्हणजे ज्या रुग्णाचं व्हाइट मॅटर सर्वाधिक आजारी, त्याचं व्हाइट मॅटर कमी आणि ग्रे मॅटर जास्त मोजलं जातं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही रुग्णालयात वयस्क रुग्णांवर असा अभ्यास करायचा, तर रक्तदाब आणि मधुमेह टाळता येणार नाहीत, म्हणून फ्लेअरशिवाय स्कॅन घेऊच नका. फ्लेअरवर डाग ओळखून टी-वन चित्रात त्या जागी भोवतालच्या निरोगी व्हाइट मॅटरचा उजळपणा भरायचा आणि मगच मोजायचं, ही रूढ रीत आहे. डागांचं आकारमान मात्र वेगळं लिहा. फ्रीसर्फरच्या तक्त्यात 'हायपोइंटेन्सिटीज' नावाची एक ओळ असते. ती केवळ टी-वनवरून काढलेली असते आणि फ्लेअरवर दिसणाऱ्या डागांच्या मानाने बरीच अपुरी पडते.

चूक सापडली की दुरुस्त करता येते. फ्रीसर्फरमध्ये व्हाइट मॅटरचा धागा तुटलेला असेल तर तिथे नियंत्रणबिंदू ठेवून पुढचे टप्पे पुन्हा चालवायचे. दुरुस्ती करणाऱ्याला तो स्कॅन रुग्णाचा की निरोगी माणसाचा हे ठाऊक नसावं. आपल्या अपेक्षेप्रमाणे सीमा सरकवायचा मोह प्रत्येकाला होतो, आणि तो आपल्याला होतोय हे कळतही नाही. काय दुरुस्त केलं, किती स्कॅन वगळले आणि का, याची वही त्याच दिवशी लिहा.

आधी हात साफ करा

स्वतःच्या रुग्णांकडे वळण्याआधी एक सराव कराच. सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये ओअ‍ॅसिस नावाचा संग्रह संशोधकांना खुला केला. त्यात १८ ते ९६ वर्षं वयाच्या ४१६ जणांचे टी-वन स्कॅन आहेत. आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे: त्यातल्या २० निरोगी जणांचा ९० दिवसांच्या आत दुसऱ्यांदा स्कॅन घेतलेला आहे. एवढ्या काळात निरोगी माणसाचं व्हाइट मॅटर दखल घेण्याजोगं बदलत नाही, म्हणून दोन स्कॅनमध्ये जो फरक निघेल तो तुमच्या पद्धतीचा. अटी मान्य करून हे स्कॅन उतरवून घ्या, तुमच्याच संगणकावर, तुमच्याच आवृत्तीतून काढा, आणि प्रत्येकाच्या दोन आकड्यांमधला टक्केवारीतला फरक मांडा. २ टक्के येत असेल, तर वर्षाच्या अर्ध्या टक्क्याची झीज एकेका रुग्णात पकडायचा विचार सोडा. मार्गदर्शकांशी नमुन्याच्या आकारावर बोलायला जाल तेव्हा हा आकडा हातात असू द्या. पुस्तकातून उचललेल्या आकड्यापेक्षा तो कामाचा ठरेल.

एकाच माणसातला बदल कालांतराने मोजायचा असेल, तर दोन स्कॅन स्वतंत्रपणे मोजून वजाबाकी करू नका. फ्रीसर्फरच्या दीर्घकालीन पद्धतीत आधी त्या माणसाच्या सगळ्या स्कॅनचं मिळून एक मध्यवर्ती चित्र बनतं आणि प्रत्येक भेटीची मोजणी तिथून सुरू होते. त्यामुळे सीमेची उगाचची सरक बरीच कमी होते.

दोन गटांची तुलना करताना डोक्याच्या आकाराचा विचार करावाच लागतो. मोठ्या कवटीत मोठा मेंदू आणि जास्त व्हाइट मॅटर. पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या आकड्यांतला बराचसा फरक एवढाच असतो. नुसतं भागून टक्केवारी काढण्यापेक्षा कवटीच्या आतलं आकारमान, वय आणि लिंग ही तिन्ही प्रतिगमनाच्या समीकरणात घालणं मला जास्त योग्य वाटतं, कारण व्हाइट मॅटर डोक्याच्या आकाराच्या सरळ प्रमाणात वाढतं हे गृहीतच धरावं लागत नाही. मात्र फ्रीसर्फर कवटीचं आकारमान थेट मोजत नाही. प्रमाण मेंदूशी जुळवताना चित्र किती ताणावं लागलं त्यावरून अंदाज बांधतं. ती जुळवणी फसली की कवटीचा आकडा चुकतो आणि भागाकारातून ती चूक सगळ्या आकड्यांत शिरते. ती जुळवणीही चित्र उघडून तपासा.

वय समीकरणात सरळ रेषेत घालू नका. २०२२ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या, एक लाखाहून अधिक माणसांच्या स्कॅनवर उभारलेल्या वाढीच्या आलेखांत व्हाइट मॅटरचं आकारमान २८.७ वर्षांच्या सुमारास शिखर गाठतं आणि मग उतरू लागतं. विशी ते सत्तरीच्या नमुन्याला सरळ रेषा लावली तर दोन्ही टोकांना ती खोटं सांगेल. तान्ह्या मुलांना तर हे सॉफ्टवेअर लावूच नका. जन्माच्या वेळी मायलिन फार कमी असल्याने टी-वन चित्रात व्हाइट आणि ग्रे यांचा उजळपणा उलटा असतो, आणि सहा महिन्यांच्या सुमारास दोन्ही जवळजवळ सारखे दिसतात. त्यांच्यासाठी वेगळी साधनं आहेत.

हे आलेख जिथून आले तिथले बहुतेक स्कॅन युरोप आणि उत्तर अमेरिकेतले आहेत. बंगळुरूच्या निम्हान्समधल्या संशोधकांनी २०२० मध्ये ६ ते ६० वर्षं वयोगटासाठी भारतीय मेंदूंचे पाच प्रमाण नकाशे प्रसिद्ध केले आहेत. भारतीय रुग्णांवर काम करणाऱ्याने ते मिळवून आपल्या डेटावर वापरून बघावेत.

यंत्रांबद्दल शेवटचा मुद्दा, आणि तो सगळ्यात कडक. रुग्ण एका यंत्रावर आणि निरोगी माणसं दुसऱ्या यंत्रावर स्कॅन केली असतील तर तो अभ्यास तिथेच संपला. वेगवेगळ्या यंत्रांच्या आकड्यांत मेळ घालणारी कॉम्बॅटसारखी तंत्रं आहेत. पण त्यांना प्रत्येक यंत्रावर दोन्ही गटांतली माणसं लागतात. आजार आणि यंत्र एकाच रेषेत असतील तर ती दोन्ही वेगळी करणारं गणित नाही. मधल्या काळात रुग्णालयाने १.५ टेस्लाचं यंत्र काढून ३ टेस्लाचं बसवलं, तर तीही दोन यंत्रंच धरा.

एका रुग्णाच्या हातात असा आकडा देण्याची वेळ आली तर फार जपून बोला. काही स्कॅन केंद्रं आता अहवालासोबत मेंदूच्या आकारमानाचा तक्ता देतात आणि 'वयाच्या मानाने कमी' हे शब्द वाचून घरचे लोक हबकून जातात. एका स्कॅनवरून, एका सॉफ्टवेअरच्या एका आवृत्तीने, दुसऱ्या देशातल्या लोकांशी तुलना करून काढलेला तो आकडा असतो. व्हाइट मॅटरचं आकारमान कमी असणं म्हणजे तंतू तुटणं नव्हे, आणि ठीक असणं म्हणजे तंतू सुदृढ असणंही नव्हे. तंतूंची अवस्था पाहायला डिफ्यूजन एमआरआयसारख्या वेगळ्या तपासण्या लागतात. निदान डॉक्टरांनी रुग्णाला तपासून करायचं असतं. घरच्यांना हे स्पष्ट शब्दांत सांगा.

प्रबंध लिहाल तेव्हा पद्धतीच्या प्रकरणात यंत्राची कंपनी आणि टेस्ला, स्कॅनचा प्रकार आणि व्हॉक्सेलचा आकार, सॉफ्टवेअरचं नाव आणि पूर्ण आवृत्ती, व्हाइट मॅटरमध्ये काय धरलं आणि काय वगळलं, डागांचं काय केलं, किती स्कॅन डोळ्यांनी तपासले, किती दुरुस्त केले आणि किती काढून टाकले, हे सगळं लिहा. यातली एखादी गोष्ट लिहिता येत नसेल तर आकडे सादर करण्याआधी ती शोधून काढा, आणि त्यासाठी प्रबंधाची तारीख पुढे ढकलावी लागली तर ढकला.